वरच्या मजल्याचं डिपॉझिट

रत्नागिरीत मांडवीतल्या आमच्या घरावर सासऱ्यांनी दुसरा मजला चढवला तो धाकट्या दिरासाठी. दीर लग्न करून डोंबिवलीला गेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि समुद्राकडे तोंड करून असलेली गॅलरी गणपतीपुरती उघडायची, झाडायची आणि परत कुलूप घालायचं, एवढंच राहिलं. नवरा बोटीवर, वर्षातले सात-आठ महिने बाहेर. सासरे गेल्यावर २०१७ मध्ये मी सासूबाईंना म्हटलं, "आई, वरचं भाड्यानं देऊया का?" त्या म्हणाल्या, "दे गो, पण माणूस बघून दे." डिपॉझिट हा शब्द त्या दिवशी घरात कुणी काढला नाही.

माणूस बघितला तो चांगलाच होता. मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात कामाला, बायको आणि बालवाडीतला मुलगा. भाडं साडेचार हजार ठरलं. "डिपॉझिट काय घेणार वहिनी?" असं त्यानंच विचारलं. मला काही सुचेना. मी म्हटलं, द्या एका महिन्याचं. त्यानं साडेचार हजार हातात ठेवले, मी डायरीत तारीख लिहिली आणि झाला आमचा करार. ते पैसे त्या वर्षीच्या गणपतीत मखर आणि मोदकांच्या सामानात गेले, हेही सांगून टाकते.

पुढच्या मेपर्यंत भाडं पाच तारखेला येत होतं. मग १ जून आला. जून आणि जुलै दोन महिने मासेमारी बंद. बोटी बंदरात नांगरलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही, त्याचा पगार अर्धा. जूनचं भाडं आलं नाही. मीही मागितलं नाही, कारण आजूबाजूला सगळ्यांचीच ती गत. "नारळी पौर्णिमा होऊ दे, एकदम देतो," तो म्हणाला. नारळी पौर्णिमा झाली आणि पुढच्या रविवारी कामाजवळ खोली मिळाली म्हणून टेम्पोत सामान भरून तो गेला. दोन महिन्यांचं भाडं नऊ हजार राहिलं. लाईट बिल आमच्या नावावर, ते मागाहून आलं दोन हजार तीनशेचं. माझ्याकडे जमा साडेचार हजार, तेही खर्च झालेले. म्हणजे सहा हजार आठशेचा खड्डा. नंतर कुणाच्या तरी हातून त्यानं दोन हजार पाठवले. लबाड नव्हता, फक्त त्याचा पैसा हंगामाबरोबर यायचा आणि माझं भाडं कॅलेंडरबरोबर मागायचं होतं. सासूबाई अजून म्हणतात, "सुरमय मात्र ताजी आणून द्यायचा हो."

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ठाण्याचा भाचा म्हणाला, "मामी, आमच्याकडे लाखाच्या खाली कुणी बोलत नाही. पन्नास तरी सांग." मी भाडं पाच हजार आणि डिपॉझिट पन्नास हजार सांगायला लागले. दहा महिन्यांचं भाडं! सांगताना माझीच जीभ अडखळायची. बघायला येणारे गॅलरीतून समुद्र बघत, "जागा छान आहे हां," म्हणत आणि जिना उतरून जात. मराठवाड्यातून बदली होऊन आलेला एक बँकेतला मुलगा आला. त्यानं स्पष्टच विचारलं, "ताई, माझी बदली कधीही होऊ शकते. पन्नास हजार आधीच्या गावच्या मालकाकडे अजून अडकलेत. आता तुमच्याकडेही अडकवू?" मी त्याला परत पाठवला.

चार महिने जागा रिकामी राहिली. वीस हजार भाडं बुडालं, सहा हजार आठशे पुन्हा बुडू नयेत म्हणून. मी एका सीएच्या ऑफिसात हिशेब लिहिते. दुसऱ्याच्या वहीत असली चूक लाल पेनानं दाखवली असती. आणि भाडं बुडालं ते वेगळंच. पावसात बंद राहिलेलं घर काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दिवाळीला दार उघडलं तर गाद्यांना बुरशी, कपाटाच्या मागच्या प्लायला पोटं सुटलेली, न्हाणीघराच्या दाराची बिजागरी हाताबरोबर सुटून आली. भाडेकरू राहून करणार नाही एवढं नुकसान कुलपानं केलं होतं.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. डिपॉझिट कशासाठी? वाटतं म्हणून नाही, भाचा म्हणतो म्हणून नाही. माणूस उद्या उठून गेला तर माझ्या खिशातून नक्की काय जाईल, तेवढ्यासाठी. मग एकेक मांडलं. न सांगता गेला तर नवा माणूस मिळेपर्यंत एक महिना, पाच हजार. जायच्या आधी एक महिन्याचं भाडं थकवतातच, आणखी पाच. लाईट बिल मागून येतं, दोन बिलं धरून अठराशे. नळ, काच, कुलूप, स्विच, एखाद्या भिंतीचा रंग असं किरकोळ, तीन हजार. बेरीज चौदा हजार आठशे. पंधरा हजार. तीन महिन्यांचं भाडं होतं ते, पण मी तीन महिन्यांपासून सुरुवात केली नव्हती, हा फरक मला महत्त्वाचा वाटला. कुणी "एवढं का?" विचारलं तर कागद पुढे करता येत होता.

बँकेतल्या मुलाला फोन केला. त्याला अजून जागा मिळाली नव्हती, साळवी स्टॉपजवळ मित्राच्या खोलीत पथारी टाकून होता. त्यानं कागद बघितला आणि हसून म्हणाला, "लाईट बिल दर महिन्याला मीच ऑनलाइन भरलं तर अठराशे कमी कराल?" मी म्हटलं, पहिले सहा महिने भरून दाखव, मग बघू. पंधरावरच ठरलं.

या वेळी कागद करायचा होता. आमच्याकडे सगळ्यांची समजूत एकच, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, स्टॅम्प पेपरवर सह्या केल्या की झालं. आमच्या ऑफिसात येणाऱ्या वकिलीणबाईंनी ती काढून टाकली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, त्याचं कलम ५५ बघ म्हणाल्या. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहायला देण्याचा, करारही लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मला दंडापेक्षा पुढचं जास्त लागलं. कागद नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. म्हणजे बर्फाच्या कारखान्यातला माणूस उद्या म्हणाला असता की मी पन्नास हजार डिपॉझिट दिलंय, तर माझ्या डायरीतली तारीख दाखवत ते खोटं पाडायची पाळी माझ्यावर. तो तसा नव्हता, ही माझी अक्कल नव्हे, नशीब.

मुद्रांक शुल्काचा हिशेब मला आवडला, कारण त्यात डिपॉझिटलाही व्याज धरतात. अकरा महिन्यांचं भाडं पंचावन्न हजार. परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज मिळतं असं समजायचं, पंधरा हजारांवर अकरा महिन्यांचे १,३७५. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का, १४१ रुपयांच्या आसपास. नोंदणी फी नगरपरिषदेच्या हद्दीत हजार रुपये. एजंटनं आपले पैसे वेगळे घेतले, घरी येऊन दोघांचे अंगठे मशीनवर घेतले, सासूबाई साक्षीदार. त्यांना अंगठा द्यायचा म्हटल्यावर राग आला. "मी सही करते, सातवी शिकल्येय." त्यांना समजवण्यात अर्धा तास गेला. खर्च आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतला. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती त्याच आठवड्यात ऑनलाइन भरली.

वकिलीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मी तेव्हापासून येईल त्याला सांगते. डिपॉझिट मोठं घेतलं म्हणून माणूस वेळेवर जागा सोडतो असं नाही. मुदत संपून गेला नाही तर कलम २४ आहे, त्यात ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई लागते. घर रिकामं करून मिळतं ते नोंदवलेल्या करारामुळे.

पंधरा हजार मी या वेळी मखरात घातले नाहीत. वेगळी ठेव केली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मिऱ्याला जहाज किनाऱ्यावर येऊन लागलं तो दिवस. आमच्या गॅलरीवरचे दोन पत्रे उडून शेजारच्यांच्या माडात अडकले आणि मागच्या खोलीत रात्रभर पाणी. सकाळी तो मुलगा खाली आला, डोक्यावर टॉवेल, हातात भिजलेली उशी. मी पत्र्याचं बोलायला लागले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, माझी गादी गेली, इस्त्री गेली. तुमच्या नुकसानीसाठी माझे पंधरा हजार तुमच्याकडे आहेत. माझ्या नुकसानीसाठी तुमचं डिपॉझिट कुणाकडे आहे?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी त्याला त्या महिन्याचं अर्धं भाडं सोडलं. पत्रे स्वतः बसवले, या वेळी हुक दुप्पट मारायला लावले. आणि पुढच्या करारात एक ओळ घातली, की छप्पर, पत्रे, पन्हळ, बाहेरचा रंग, ग्रिल आणि वादळ-पावसानं होणारं नुकसान यातलं काहीही डिपॉझिटमधून कापलं जाणार नाही. एजंट म्हणाला, "असं कुणी लिहीत नाही हो." मी म्हटलं, लिही.

तो २०२१ मध्ये बदलीवर गेला. पंधराच्या पंधरा हजार परत दिले. लाईट बिल खरंच त्यानंच भरलं होतं सगळं.

मध्ये एक वेगळंच प्रकरण झालं. नवऱ्याच्या ओळखीतला एक जण आला. म्हणाला, भाडं नको, चार लाख एकदम घ्या, वर्षभर राहतो, जाताना चार लाख परत करा. हेवी डिपॉझिट म्हणतात त्याला. नवरा तेव्हा घरी होता, त्याचे डोळे चमकले. घराचं कर्ज थोडं फिटलं असतं. सासूबाईंनाही चार लाख ऐकून बरं वाटलं. मी परत कागद घेतला. चार लाख ठेवीत टाकले तर तेव्हाच्या दरानं वर्षाला साधारण बावीस हजार सुटले असते. सहा हजारांनी भाडं घेतलं तर बहात्तर हजार. "आणि ठेवीत कुठं टाकणार तुम्ही," मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही कर्जात टाकणार. मग पुढच्या जूनमध्ये तो बॅग भरून दारात उभा राहिला तर तुम्ही बोटीवर आणि चार लाख मी कुठून आणू?" चार लाख माझे नसतातच, ते त्याचं माझ्याकडे असलेलं कर्ज. नवरा दोन दिवस बोलला नाही. मग त्यानंच त्या माणसाला नाही कळवलं.

नंतर आली ती एका खासगी दवाखान्यातली नर्स. सहा हजार भाडं, अठरा हजार डिपॉझिट, दोन्ही बँकेतून. आत येतानाच तिनं सगळ्या खोल्यांचे, नळांचे, ग्रिलचे मोबाईलवर फोटो काढले. मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. दोन वर्षं तिचा आवाज कधी ऐकू आला नाही. रात्रपाळी करून सकाळी यायची, सासूबाईंचं बीपी बघून वर जायची.

२०२३ मध्ये ती निघाली आणि मी माझा मोठेपणा घालवून बसले. आम्ही दोघी वर गेलो, मी वही घेऊन. गॅलरीचं ग्रिल गंजून पापुद्रे सुटलेले. न्हाणीघराचं दार खालून फुगलेलं. समुद्राकडची भिंत पोपडे धरलेली. मी लिहीत गेले. ग्रिलला घासकाम आणि रंग, दार, भिंत, मिळून सहा हजार चारशे. करारातली माझीच ओळ मला आठवली नाही. आठवली नाही असंही नाही. रंगाऱ्यानं सकाळीच आकडा सांगितला होता आणि समोर अठरा हजार दिसत होते.

तिनं वाद घातला नाही. मोबाईल काढला आणि दोन वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला. ग्रिलवर तांबडे ठिपके तेव्हाही होते. मग म्हणाली, "काकू, मी रोज ग्रिल पुसलं असतं तरी ही खारी हवा थांबली असती का?" सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी खालूनच आवाज दिला, "गो, आपल्या खालच्या खिडकीचे गज बघितलेस का कधी? ते कोणत्या भाडेकरणीनं खाल्ले?"

वहीतलं पान फाडलं आणि परत सुरुवात केली. खारी हवा, ओल, पाऊस यांनी केलेलं माझ्या बाजूला. तिच्या हातून झालेलं तिच्या बाजूला. तिच्या बाजूला शेवटी तीनच गोष्टी राहिल्या. शेगडीच्या वायरीनं जळलेला एक स्विचबोर्ड, साडेसहाशे. स्वयंपाकघरात ठोकलेले चौदा खिळे काढून भोकं बुजवणं, पाचशे. शेवटचं लाईट बिल, सातशे चाळीस. एकूण १,८९०. सोळा हजार एकशे दहा तिच्या खात्यात टाकले, त्याच संध्याकाळी. ग्रिल मी माझ्या पैशांनी घासून घेतलं, रेडऑक्साइड मारलं. आता दर दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी मारते, भाडेकरू असो नसो, आणि तो खर्च भाड्यात धरते, डिपॉझिटमध्ये नाही. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फ्लॅट कुवारबावला आहे, समुद्रापासून आत. तिची ग्रिलं वर्षानुवर्षं टिकतात. तिनं माझी यादी जशीच्या तशी घेतली होती. मी तिला म्हटलं, तुझ्याकडे गंज दिसला तर जरूर विचार, पण माझ्याकडे तो भाड्याबरोबर फुकट येतो.

त्याच वर्षी रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि आमच्या गल्लीत जागा विचारणारे वाढले. शेजारी भाडी चढली, डिपॉझिटं त्याहून जास्त. मला शिकायला आलेल्या तीन मुली मिळाल्या. तिघींचं मिळून भाडं नऊ हजार. पुन्हा तोच कागद: एक महिना नऊ, थकबाकी नऊ, लाईट बिलं चोवीसशे, किरकोळ चार हजार. चोवीस हजार चारशे, ते चोवीस केले. प्रत्येकी आठ हजार.

एका मुलीचे वडील नाशिकहून आले होते, खिशात चष्मा, हातात मोबाईल. "केंद्राच्या कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेता येत नाही," त्यांनी बातमी दाखवली. बातमी खोटी नव्हती. आदर्श भाडेकरू कायद्याला केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२१ मध्ये मंजुरी दिली, त्यात घराला दोन महिने आणि दुकान-ऑफिसाला सहा महिने अशी मर्यादा आहे. पण तो नमुना, राज्यानं स्वीकारला तरच लागू होतो. आमचा करार १९९९ च्या कायद्याखाली, आणि त्यात डिपॉझिटला अशी कमाल मर्यादा नाही. मी त्यांना कायदा सांगितला आणि कागदही दाखवला. ते बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "थकबाकीचा महिना का धरता? मुलींचं भाडं आम्ही वडीलच भरणार." बोलणं चुकीचं नव्हतं. पण तीन घरांतून तीन वेगळ्या तारखांना पैसे येणार, हे मला दिसत होतं. आकडा मी सोडला नाही, हप्ते दिले. किल्लीच्या दिवशी पंधरा हजार, उरलेले नऊ पुढच्या महिन्यात. ही युक्ती मला बर्फाच्या कारखान्यातल्या त्या माणसाच्या वेळी सुचली असती तर त्याच्याकडून मेच्या आत दोन महिन्यांचं डिपॉझिट जमलं असतं, तेव्हा त्याच्या हातात पैसा होता.

तीन मुलींच्या डिपॉझिटमध्ये एक गाठ आहे ती मला आधी कळली नव्हती. तीन महिन्यांत एकीचं दुसरीशी पटेना आणि ती निघाली. "काकू, माझे आठ हजार द्या." खोल्या तर अजून भरलेल्या, मोडतोड झाली असेल तर कुणी केली, कसं ठरवणार? तिला पूर्ण दिले आणि नंतर खिडकीची फुटलेली काच सापडली तर त्या दोघी का भरतील? आणि नाही दिले तर पोर घरी काय सांगेल? शेवटी असं केलं की चौघीजणी एकत्र वर गेलो, त्या दिवशी जे दिसलं ते लिहून तिघींच्या सह्या घेतल्या. काच नव्हती फुटली, मोरीचा नळ गळत होता, तो माझा. जाणारीचे आठ हजार येणाऱ्या मुलीनं जाणारीला द्यायचे, माझ्याकडचे चोवीस तसेच राहायचे, आणि नव्या मुलीचं नाव घालून नवा करार नोंदवायचा. त्याचा हजार रुपयांचा खर्च कुणी करायचा यावर अर्धा दिवस गेला. निम्मा मी दिला, निम्मा जाणारीनं.

आता दिवाळीनंतर आणखी एक बदलणार आहे असं परवाच कानावर आलं. मी खालूनच सांगितलं, सामान बांधायच्या आधी मला बोलवा, वही घेऊन येते. सासूबाई म्हणाल्या, "आणि अंगठ्याचं मशीन आणणाऱ्याला सांग, माझा अंगठा दोनदा लागला नव्हता मागच्या खेपेला."